घरच्या घरी साइड बेंडर : गिटारच्या बाजूपट्ट्या वाकवायचं यंत्र, कोकणातली हवा आणि वीज धरून

रंधा_पटाशी (कुडाळ)

अकूस्टिक गिटारच्या बाजूपट्ट्या गरम पाइपवर हाताने वाकवता येतात, पण डावी-उजवी पट्टी तंतोतंत जुळवायला हात फार बसावा लागतो. साच्यावर वाकवणारं यंत्र एकदा केलं की दोन्ही पट्ट्या एकाच आकाराच्या निघतात. ही रचना चार्ल्स फॉक्स या अमेरिकन गिटार-कारागिराच्या नावाने ओळखली जाते. सुरुवातीच्या यंत्रांत साच्याच्या पोटात साधे बल्ब असत. आता बहुतेक जण सिलिकॉन रबरची हीटिंग पट्टी वापरतात, तिला ब्लँकेट म्हणतात. खाली ब्लँकेटवाली रचना देतोय. मापं ओएम या मध्यम आकाराच्या गिटारची आहेत : खालचा बाऊट (कंबरेखालचा फुगवटा) ३८१ मिमी, वरचा २८६, अंगाची लांबी ४९२. ड्रेडनॉट हा मोठा आकार करणाऱ्यांनी ३९७, २९२ आणि ५०८ धरावं.

साचा : १८ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्क्याचा. साधा कमर्शियल प्लाय इथे चालत नाही. रोज वाफ आणि दीडशे अंश सोसून त्याचे थर सुटतात आणि पावसाळ्यात तो फुगून आकार बदलतो. अर्ध्या गिटारच्या आकाराच्या तीन फासळ्या कापायच्या. आधी ६ मिमी एमडीएफचा नमुना अगदी गुळगुळीत करून घ्या आणि त्यावरून राउटरच्या बेअरिंगवाल्या बिटने तिन्ही फासळ्या उतरवा. नमुन्यात राहिलेला खड्डा पुढे प्रत्येक गिटारमध्ये दिसतो, म्हणून एक दिवस नमुन्यालाच द्या.

गिटारची बाहेरची रेषा तशीच्या तशी साच्यावर घ्यायची नाही. साचा पट्टीच्या आतल्या अंगाला लागतो. पट्टी २.१ मिमी आणि तिच्याखाली घालायचा स्टेनलेस पत्रा ०.२५ मिमी, म्हणून रेषा सगळीकडून २.५ मिमी आत घ्यायची. कंबरेत आणखी २ ते ३ मिमी खोल जायचं, कारण तिथे पट्टी सुटल्यावर सगळ्यात जास्त उघडते. दोन्ही टोकांना मधल्या रेषेच्या पुढे २५ मिमी सरळ वाढवा, जादा लाकूड नंतर कापलं जातं.

तीन फासळ्या ४८-४८ मिमी अंतर ठेवून जोडल्या की साच्याची रुंदी १५० होते. कडेने १२ मिमी जाडीचे आडवे रॉड किंवा ॲल्युमिनियमचे पाइप बसवायचे, पाठ फासळीच्या कडेशी अगदी समतल. रॉडमधलं अंतर २५ मिमीपेक्षा जास्त नको. अंतर वाढलं की पत्रा मध्येच किंचित बसतो आणि लाकडावर लाटा उमटतात. त्या घासून काढताना पट्टी १.७ वर येते. पोट पोकळच ठेवा, वाफेला खालून वाट मिळते.

बैठक ६५० × २२० मिमी. कंबरेपाशी दोन उभे खांब, आतलं अंतर १६० मिमी, वर आडवी पट्टी, तिच्यात १६ मिमी आट्यांचा रॉड. रॉडच्या तळाशी कंबरेचा ठोकळा. रॉड फिरताना ठोकळा फिरू नये म्हणून मध्ये थ्रस्ट बेअरिंग, निदान दोन वॉशर ग्रीस लावून. ठोकळ्याची गोलाई कंबरेच्या गोलाईपेक्षा ३ मिमीने लहान करा, कारण मध्ये पत्रे आणि ब्लँकेट येणार आहे.

दोन्ही बाऊटना ५० × ५० चा आडवा ठोकळा, त्याच्या दोन टोकांना स्प्रिंगा, स्प्रिंगांची दुसरी टोकं बैठकीच्या हुकांत. ठोकळा कंबरेपासून टोकाकडे लोळवत न्यायचा आणि शेवटी स्प्रिंग अडकवायची.

वीज आणि प्रत्यक्ष वाकवण्याबद्दल खाली लिहितो. आधी शंका आल्या तर बऱ्या.


माडाखाली (मालवण)

बरा लिवल्यात. माका एक इचारूचा आसा : पत्रो साधो जीआय घेतलो तर चलात काय? स्टेनलेस पत्रो इतको पातळ हय गावणा नाय.


रंधा_पटाशी

जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा, नको. एक तर तो मऊ असतो. कंबरेत एकदा दाबला की त्याला मोड पडते आणि पुढच्या पट्टीवर ती मोड छापली जाते. दुसरं, कापलेल्या कडेला लोखंड उघडं असतं. शिसवात, सागात टॅनिन असतं. टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आले की निळसर काळा डाग पडतो, तो लाकडात मुरतो.

स्टेनलेस ३०४, जाडी ०.२५ मिमी, आणि घेताना 'हार्ड' किंवा स्प्रिंग टेंपर सांगा. हाताने गोल करून सोडला की सरळ झाला पाहिजे. १५० × ९५० च्या तीन पट्ट्या लागतात. हा पत्रा 'शिम' या नावाने रोलमध्ये मिळतो, कोल्हापूर किंवा मुंबईहून कुरिअरने मागवता येतो. कडा पॉलिश पेपरने मारून घ्या, नाहीतर बोटं कापतात आणि ब्लँकेटही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी काम झाल्यावर पत्रे गोड्या पाण्याने पुसून कोरडे ठेवावेत. खाऱ्या हवेत ३०४ वरसुद्धा तपकिरी ठिपके येतात.


जांभा_दगड (रत्नागिरी)

विजेचा भाग मी लिहू का? बहुतेक चुका तिथेच होतात.

ब्लँकेट : १५० × ९१५ मिमी, दर चौरस इंचाला ५ वॅट. म्हणजे साधारण १०८० वॅट. २३० व्होल्टला ४.७ अँपिअर. बाहेरून मागवताना बरेच जण फसतात, कारण अमेरिकेतली ब्लँकेट ११५ व्होल्टची असतात. ती आपल्या पिनला लावली तर ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. ४३०० वॅटला ब्लँकेट काही सेकंदांत जळतं. पिन लावायच्या आधी मल्टिमीटरने रोध मोजा. ४९ ओहमच्या जवळपास आला तर २३० व्होल्टचं, १२ च्या जवळपास आला तर ११५ चं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, ते टाळू नका.

नियंत्रण : पीआयडी कंट्रोलर (ताप ठरल्या अंशावर राखणारा), के-टाइप थर्मोकपल (ताप मोजणारी तार), २५ अँपिअरचा एसएसआर (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले). कंट्रोलर घेताना 'एसएसआर आउटपुट' असलेलाच मागा. स्वस्तातल्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये आत रिले असतो, त्याने एसएसआर चालत नाही आणि मग लोक एसएसआर खराब म्हणून परत करतात. एसएसआरवर ६-७ वॅट उष्णता निघते, म्हणून ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावाच.

महत्त्वाचं : एसएसआर बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. कंट्रोलर 'बंद' म्हणतो आणि ब्लँकेट तापतच राहतं. म्हणून त्याच्या आधी, त्याच ओळीत, ६० मिनिटांचा चावीचा मेकॅनिकल टायमर घाला, १६ अँपिअरचा. टायमर संपला की वीज तुटते, मग एसएसआरचं काहीही होवो. खोलीतून बाहेर जायचं झालं तर टायमर शून्यावर.

ओलं लाकूड, धातूचे पत्रे आणि २३० व्होल्ट इतके जवळ आहेत की अर्थिंगशिवाय चालू करायचं नाही. तिन्ही पत्र्यांच्या टोकाला भोक पाडून हिरवी वायर नट-बोल्टने घट्ट, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच. आपल्याकडे जांभ्याची जमीन. उन्हाळ्यात ती ठणठणीत कोरडी होते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. मार्च-एप्रिलमध्ये खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता.

पिन १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरच. ५ अँपिअरच्या जुन्या सॉकेटवर ४.७ अँपिअर अर्धा तास चालवलं की सैल पट्ट्या तापून प्लास्टिक वितळतं.


खाडीकाठ (वेंगुर्ला)

पीआयडी ऐवजी पंख्याचा रेग्युलेटर लावून ताप कमी-जास्त केला तर? आणि आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं, त्याने काही फरक पडतो का?


जांभा_दगड

पंख्याचा रेग्युलेटर शंभरेक वॅटचा असतो, लगेच जळेल. डिमरच हवा असेल तर २००० वॅटच्या वरचा एससीआर डिमर घ्या. पण मग तापमापकावर नजर ठेवून हात कायम बटणावर, आणि दुसऱ्या हाताने वाकवायचं. एकट्याला जमत नाही.

व्होल्टेजचा फरक मोठा पडतो. ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. १९० ला १७ टक्के नव्हे तर ३० टक्क्यांहून जास्त ताकद जाते, १०८० चे जवळपास ७४० वॅट उरतात. १५० अंश गाठायला वेळ लागतो, तोवर कागदातलं पाणी उडून जातं आणि पट्टी कोरडीच वाकवली जाते. तडे तिथून सुरू होतात. पावसाळ्यात सकाळी १० ते १२ मध्ये काम करा, मीटरवर २२० च्या खाली असेल तर थांबा. घरगुती इन्व्हर्टरवर हे चालत नाही.


सुरंगी (सावंतवाडी)

लाकडाबद्दल लिहिते, कारण यंत्र कितीही चांगलं असलं तरी पट्टी चुकीची निवडली की तुटतेच.

पट्टी ८४० × १२५ मिमी घ्यावी. दोन्ही पट्ट्या एकाच फळीतून, लागोपाठ चिरलेल्या. फळी अशी चिरलेली हवी की टोकाकडून पाहिलं तर वर्षवलयांच्या रेषा उभ्या दिसतील. आडव्या रेषांची पट्टी ओली झाली की पन्हळीसारखी वाकते आणि ती पन्हळ नंतर जात नाही. कडेने बघा : तंतू पट्टीच्या लांबीबरोबर धावतात की मध्येच तिरके होऊन पृष्ठभागातून बाहेर पडतात? तिरके असतील तर वाकवताना तिथूनच चिप उठते.

शिसव : सगळ्यात सोपं. २.१ मिमी. त्यातलं तेल आणि राळ तापल्यावर बाहेर येते, कागदावर जांभळट डाग दिसतात, घाबरू नका. पण हेच जांभळं पाणी शेजारच्या फिकट बाइंडिंगला (कडेच्या शोभेच्या पट्टीला) लागलं तर ते रंगतं, म्हणून बाइंडिंग वेगळं वाकवा. शिसव घेताना पावती आणि वनखात्याचा वाहतूक परवाना मागून घ्या. गिटार परदेशी पाठवायचा विचार असेल तर कागद जपून ठेवा. शिसवाची बहुतेक सगळी जात २०१७ च्या जानेवारीपासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही.

आंबा : रेषा सरळ असेल तर २.० ते २.१ ला छान वाकतो. लहरदार नक्षीचा आंबा दिसायला सुंदर, पण लहर म्हणजे तंतू दर सेंटिमीटरला वर-खाली जातात. तो १.९ वर आणा आणि पाणी कमी वापरा. आंब्याला बुरशीचे काळे-निळे डाग फार लवकर पडतात, चिरल्यावर लगेच आडव्या पट्ट्या घालून हवेशीर रचायचा. भुसभुशीत झालेला भाग कंबरेत येऊ देऊ नका, तो वाकत नाही, चुरतो.

फणस : वीणा आणि मृदंग ज्यातून कोरतात ते हेच लाकूड. नाद उत्तम, पण कोरणं वेगळं आणि वाकवणं वेगळं. त्याचे तंतू एक थर उजवीकडे, एक थर डावीकडे असे गुंफलेले असतात. १.९ ते २.० मिमी, खालीवर दोन्ही पत्रे घट्ट, आणि कंबर अगदी सावकाश. जोडीला एक जादा पट्टी चिरून ठेवा.

साग : वाकतो, पण तेलामुळे पुढे डिंक धरत नाही. चिकटवायच्या आधी ती जागा ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवा.

पहिल्या दिवशी शिसवाला हात लावू नका. आंब्याच्या साध्या पट्टीवर साचा तपासा.

आणि पाणी. इथल्या विहिरीच्या पाण्यात जांभ्यातलं लोह उतरतं. स्टेनलेस पत्रे घेऊनही काळे डाग पडले तर दोष पाण्याचा समजा. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, फवाऱ्यात तेच भरा. एका पट्टीला अर्धी वाटीसुद्धा लागत नाही.


खाडीकाठ

पट्टी आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायची असं एका व्हिडिओत पाहिलं. इथे तर अर्धी वाटी पाणीही जास्त म्हणताय?


रंधा_पटाशी

भिजवायची नाही. २ मिमीच्या पट्टीला मऊ करते ती उष्णता. पेशींना धरून ठेवणारा लिग्निन ओल्या लाकडात साधारण शंभर अंशांना मऊ पडतो, अगदी कोरड्या लाकडात त्याहून खूप वर जावं लागतं. म्हणून पाणी हवं, पण तेवढ्यापुरतं. रात्रभर भिजलेली पट्टी रुंदीला फुगते, तापल्यावर एका बाजूने आधी सुकते आणि पन्हळ होते. शिवाय सगळं पाणी उडेपर्यंत तापमान शंभराच्या वर चढतच नाही, आणि आकार पक्का बसायला दीडशे लागतात.

पद्धत अशी. दोन्ही बाजूंनी फवारा मारा, पृष्ठभाग चमकेल इतका. खाकी कागद ओला करून निथळा आणि पट्टीभोवती गुंडाळा. त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, कडा दुमडून बंद. फॉइल वाफ कोंडून ठेवतं, कागद डाग टिपतो. छापील वर्तमानपत्र नको, शाई लाकडावर उतरते.

थर खालून वर असे : पत्रा, गुंडाळलेली पट्टी, पत्रा, ब्लँकेट, पत्रा. थर्मोकपलचं टोक पट्टी आणि ब्लँकेटच्या मध्ये, कंबरेपासून चार बोटं खालच्या बाऊटकडे. कंबरेतच ठेवलं तर ठोकळ्याखाली चिरडतं. सगळे थर दोन्ही टोकांना आणि मध्ये पेपर क्लिपने पकडा आणि पट्टीवरची कंबरेची खूण साच्याच्या खुणेवर आणा. ही खूण मोजून काढू नका. साच्यावर पातळ पट्टी गुंडाळून खालच्या टोकापासून कंबरेपर्यंतची खरी लांबी उतरवा. १० मिमीची चूकसुद्धा गोलाई भलत्या जागी नेते.

पट्टी गुंडाळायच्या आधी तिच्यावर पेन्सिलने तीन गोष्टी लिहा : बाहेरचा चेहरा, शेपटीकडचं (खालच्या बाऊटकडचं) टोक, आणि वरच्या तक्त्याकडची (गिटारच्या दर्शनी फळीकडची) कड. दुसऱ्या पट्टीला वरच्या तक्त्याची कड साच्यावर उलट बाजूला यायला हवी. हे न केल्याने दोन डाव्या बाजू तयार होतात.

आता वाकवणं. कंट्रोलर १५० वर, टायमर २० मिनिटांवर. १०५-११० ला कडेने वाफ दिसू लागते. १२० ला कंबरेचा रॉड फिरवायला सुरुवात. अर्धा फेरा, पाच सेकंद थांबा, पुन्हा अर्धा. रॉड हाताला जड लागला तर थांबा, ताकद वाढवू नका. लाकूड तयार असलं की रॉड लोण्यात गेल्यासारखा जातो. तळाला १० ते १२ मिमी राहिले की कंबर तिथेच थांबवा.

मग खालचा बाऊट. ठोकळा कंबरेजवळून टोकाकडे एका दमात पण सावकाश, साधारण २०-२५ सेकंदांत. हात थांबला तर तिथे सपाट ठसा राहतो. स्प्रिंग अडकवा. मग वरचा बाऊट. तोवर तापमान १४० च्या पुढे असतं. शेवटी कंबर पूर्ण खाली.

कंबर आधीच पूर्ण दाबली तर दोन्ही बाऊटकडची पट्टी ताठ अडकते, सरकायला जागा उरत नाही, आणि कंबरेच्या कडेला आडवा तडा जातो. कंबर शेवटी ठेवली तर बाऊटवर ताणलेली पट्टी कंबरेत उतरत नाही. म्हणून हा क्रम.


सुरंगी

दोन पत्रे का, याचं कारणही लिहून ठेवते, कारण खर्च वाचवायला लोक खालचा पत्रा गाळतात. बाऊटवर पट्टीचा बाहेरचा चेहरा ताणला जातो, तिथे वरचा पत्रा तंतूंना दाबून धरतो. कंबरेत उलटं, तिथे आतला चेहरा ताणला जातो आणि आधार खालच्या पत्र्याचा. खालचा पत्रा नसेल तर कंबरेच्या आत चिप उठते आणि ती पट्टी साच्यातून काढल्यावरच दिसते.


देवगडचा_वारा

वाकवताना मध्येच लाइट गेली तर? आमच्याकडे जून-जुलैत हे हमखास होतं.


रंधा_पटाशी

किती वाकली आहे त्यावर आहे. कंबर अर्धी गेली असताना वीज गेली तर तिथेच थांबा. रॉड पुढेही नको, मागेही नको. पातळ थर आहेत, मिनिट-दोन मिनिटांत १०० च्या खाली येतात. 'अजून गरम आहे' म्हणून पुढे दाबणं हीच चूक. वीज आल्यावर ब्लँकेट उचलून फॉइलची कड उघडा, कागदावर दोन-तीन फवारे मारा, बंद करा, पुन्हा १२० पर्यंत आणा आणि तिथून पुढे.

दोन्ही बाऊट बसून फक्त कंबरेचे शेवटचे १०-१२ मिमी राहिले असतील तर सगळं तसंच अडकवून ठेवा, वीज उशिरा आली तरी चालतं. ब्लँकेट मात्र पिनवरून काढून ठेवा. वीज परत येते तेव्हा माणूस समोर असेलच असं नाही. टायमर चावीचा असेल तर तो वीज नसतानाही संपतो, आणखी एक कारण चावीचाच घ्यायचं.


जांभा_दगड

आणि वीज परत येते तेव्हा कधी कधी २६० चा झटका येतो. पाच मिनिटं थांबून मगच पिन लावा.


खाडीकाठ

कंबर पूर्ण खाली गेली, स्प्रिंगा अडकल्या. पुढे किती वेळ?


रंधा_पटाशी

१५० वर १० मिनिटं, मग बंद. पूर्ण थंड होऊ द्या, तास-दीड तास. त्याच जागी पुन्हा १२५ वर १० मिनिटं. ही दुसरी वेळ पट्टी सुकवण्यासाठी. लाकूड आकार धरतं ते सुकून थंड होताना. ओल राहिली तर साच्यातून काढताच पट्टी उघडते. मग रात्रभर साच्यातच, आणि सकाळी थेट बाहेरच्या साच्यात, म्हणजे गिटारच्या आकाराच्या चौकटीत, आतून टेकू देऊन.

१७० च्या वर जाऊ नका. कागद सुकला की लाकूड करपू लागतं, आणि करपलेला थर ०.२ मिमी खोल असतो. फॉइल फाटून वाफ गेली असेल तर १५० लाही करपतं.

काढल्यावर कंबर २-३ मिमी उघडली तर ते धरूनच साचा खोल केला होता. ५-६ मिमी उघडली तर पट्टी पुन्हा फवारून १० मिनिटं तापवा. तरीही उघडली तर पट्टी जाड आहे, कॅलिपरने तपासा. कंबरेत २.३ निघणारच.


सुरंगी

आपल्याकडे त्यापुढचा धोका हवेचा. पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्के असते. त्या हवेत उघडी ठेवलेली पट्टी हळूहळू १८ टक्क्यांच्या आसपास ओल धरते आणि वाकण सैल पडते. आठवडाभर टेबलावर ठेवलेल्या पट्ट्या परत चौकटीत बसत नाहीत, दोष यंत्राला दिला जातो. वाकवलेल्या पट्ट्या जाड प्लास्टिकमध्ये, चौकटीसकट ठेवा.

वाकवणं पावसाळ्यात चालेल. पेटी चिकटवणं, म्हणजे तक्ता आणि पाठ पट्ट्यांना जोडणं, खोलीत ४५ ते ५० टक्के आर्द्रता असतानाच. पावसाळी लाकडावर पेटी बंद केली तर ती गिटार पुण्याच्या उन्हाळ्यात गेल्यावर पाठीला भेग पडते. डीह्युमिडिफायर नसेल तर पत्र्याच्या कपाटात ६० वॅटचा बल्ब आणि आर्द्रतामापक, लाकूड दोन-तीन आठवडे त्यात. नाहीतर ते काम डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा, तेही दुपारचं.


माडाखाली

स्प्रिंगांसाठी मोटारसायकलच्या साइडस्टँडच्या चालतील का? त्या इथे कुठेही मिळतात.


रंधा_पटाशी

फार ताठ आणि फार आखूड. २० मिमी ताणायलाच दोन माणसं लागतात, आणि अडकवताना निसटली तर डोळा जाईल. जाळीच्या दाराला लावतात ती लांब स्प्रिंग घ्या, २५० मिमीच्या आसपासची. एका हाताने ताणता येते आणि ठोकळा खाली धरून ठेवते. प्रत्येक बाऊटला दोन. अडकवताना हुकात बोट घालायचं नाही, सुतळीचा फास करून ओढायचं.


देवगडचा_वारा

ब्लँकेट, कंट्रोलर सगळं मिळून खर्च बराच होतोय. फक्त एक-दोन गिटारच करायच्या असतील तर बल्ब चालतील?


जांभा_दगड

चालतात. साच्याच्या पोटात २०० वॅटचे तीन, एक कंबरेखाली, दोन बाऊटखाली. होल्डर चिनी मातीचेच, प्लास्टिकचे वितळतात. वायरवर फायबरग्लासची नळी. पण मधली फासळी काढावी लागते, मग रॉड १२ ऐवजी १६ मिमीचे लावा, नाहीतर मध्ये वाकतात. आतून प्लायला ॲल्युमिनियमचा पत्रा मारा, नाहीतर लाकूड करपतं. तापायला १०-१५ मिनिटं लागतात आणि वरची बाजू थंड राहते, म्हणून वर जुनी सुती चादर चार पदरी घाला. पाण्याचा थेंब तापलेल्या काचेवर पडला तर बल्ब फुटतो, फॉइलच्या कडा नीट दुमडा. साधे तापणारे बल्ब हल्ली दुकानात सहज मिळत नाहीत, सहा एकदम घेऊन ठेवा. एलईडीने काहीच होणार नाही.


खाडीकाठ

कटवेची, म्हणजे मानेजवळ एका बाजूला खाच असलेली, गिटार करायची असेल तर? ती लहान गोलाई याच साच्यावर येईल?


रंधा_पटाशी

याच साच्यावर नाही. कटवेच्या बाजूसाठी वेगळा साचा करावा लागतो, आणि तिथल्या ४०-५० मिमी गोलाईला पट्टी १.८ ते १.९ वर आणावी लागते. एकाच गिटारसाठी साचा करण्यापेक्षा यंत्रावर कंबर आणि खालचा बाऊट वाकवून घ्या, कटवेकडचं टोक सरळ सोडा, आणि तेवढा भाग गरम पाइपवर हाताने.

पाइप ५० मिमी व्यासाचा, ॲल्युमिनियम किंवा साधा काळा एमएस (साध्या पोलादाचा). जीआयचा घेऊ नका. गॅसच्या ज्योतीवर जस्त जळून पांढरा धूर निघतो आणि तो विषारी असतो. एमएस पाइपवर लाकूड थेट लावायचं नाही, मध्ये ०.२५ चा स्टेनलेसचा तुकडा धरायचा, डाग पडत नाही आणि चिपही उठत नाही. ताप ओळखायला पाण्याचा थेंब टाका. चर्र होऊन जागच्या जागी उडाला तर बरोबर. गोळी होऊन पाइपवरून घरंगळला तर पाइप जास्त तापलाय, दोन मिनिटं ज्योत बाजूला करा.


माडाखाली

बारीक तडा गेलाच तर पट्टी फुकट?


सुरंगी

कुठे आणि किती यावर. केसासारखी भेग, तंतूंच्या दिशेने, आणि पट्टी चौकटीत बसवल्यावर बंद होत असेल तर चौकटीतच पातळ सुपरग्लू सोडा. भेग तो स्वतः ओढून घेते. बाहेरून आधी शेलॅकचा हात मारा, नाहीतर ग्लूचा डाग पॉलिशखाली दिसतो. आतून त्याच लाकडाची १ मिमीची आडवी पट्टी लावा, तंतू बाजूपट्टीच्या तंतूंना काटकोनात.

आडवा तडा, म्हणजे तंतूच तुटले असतील, तर ती पट्टी वापरू नका. वरून दिसली नाही तरी अस्तर (आतल्या कडेने लावायची पट्टी) चिकटवताना क्लॅम्पच्या दाबाने तिथेच मोडते. तिचे तुकडे करून ठेवा, आतल्या आधारपट्ट्यांना आणि शेपटीच्या पाचरीला तेच लाकूड लागतं.


देवगडचा_वारा

पाचरीचं लक्षात आलं नव्हतं. मग ८४० च्या पट्टीतून टोकाचे जे तुकडे निघतात तेही त्याच कामाला?


सुरंगी

हो. फक्त ते तापलेले आणि थोडे वाकलेले असतात, सपाट दाबून आठवडाभर ठेवा. आणि प्रत्येक तुकड्यावर कुठल्या गिटारचा ते लिहा, शिसवाचा रंग फळीगणिक बदलतो.